घरी कार्ट्रिजमध्ये शाई भरली तर खरंच पैसे वाचतात का? प्रिंटर बिघडत नाही ना?

तुम्ही लिहिलंय की काळी कार्ट्रिज दोन महिन्यांपासून संपून प्रिंटरमध्येच पडली आहे, नवी घ्यायची तर जिवावर येतं, म्हणून सिरिंजने शाई भरायचा विचार आहे.

भरा, चालतं. मी विक्रोळीला कन्नमवार नगरात घरीच आठवी ते दहावीच्या शिकवण्या घेते. दर आठवड्याला प्रश्नपत्रिका निघतात आणि गेली सहा वर्षं काळी शाई मीच भरते. पैसे वाचणार की नाही, हे मात्र तुम्ही ती कधी भरता यावर आहे.

आधी माझा हिशोब सांगते. शेवटची नवी काळी कार्ट्रिज मला 850 रुपयांना पडली. तिच्यात साधारण 150 पानं निघतात, म्हणजे नुसत्या शाईचेच पानाला साडेपाच रुपयांच्या वर. आमच्या नाक्यावर झेरॉक्स 2 रुपयांना आहे, बोला! शाईची 100 मिलीची बाटली 150 रुपयांना आणते. एका वेळी 4 मिली जाते, म्हणजे सहा रुपयांची. एक कार्ट्रिज माझ्याकडे पाचेक वेळा भरून टिकते. 850 अधिक 30, भागिले मूळची धरून सहा भरणी, म्हणजे एका भरणीला 147 रुपये आणि पानाला एक रुपया. म्हणून कार्ट्रिज पाच वेळा टिकली तरच हे गणित जमतं. पहिल्याच भरणीत ती मेली तर सगळा उपद्व्याप फुकट.

आणि ती मरते कशाने, तर कोरडी पडल्याने. एचपी आणि कॅननच्या घरगुती, स्वस्त प्रिंटरांत बहुतेक वेळा छापणारं डोकं कार्ट्रिजलाच असतं, ती खालची तांबूस चकचकीत पट्टी. तिच्यात केसाहून बारीक भोकं असतात आणि प्रत्येक भोकामागे एक इवलासा हीटर. तो क्षणार्धात तापतो, शाईचा बुडबुडा होतो आणि थेंब कागदावर फेकला जातो. त्या हीटरला थंड ठेवणारीही शाईच. शाई नसताना आपण ‘अजून दोन पानं निघतील’ म्हणून रेटत राहतो, तेव्हा तो कोरडा तापून जळतो. मग वरून कितीही शाई ओता. म्हणून अक्षरं फिकट दिसायला लागली की त्याच दिवशी भरायची. एप्सनचं तंत्र वेगळं आहे, तिथे डोकं प्रिंटरमध्येच असतं. ते तुंबलं तर कार्ट्रिज बदलूनही सुटका नाही, तिथे जपून.

भरताना घाई नको. पहिल्यांदा मी स्वयंपाकाच्या ओट्यावर, पेपरही न पसरता बसले होते. मेडिकलमधून 5 मिलीची सिरिंज आणली होती. वरचा स्टिकर सोलला, त्याच्याखालच्या भोकात सुई घातली आणि इंजेक्शन दिल्यासारखा दट्ट्या दाबला. शाई भोकातून उलटी वर आली, ओट्यावरून ओघळली, मोरीपर्यंत गेली. बोटं तीन दिवस काळी. सासूबाई म्हणाल्या, “शिमग्याला अजून अवकाश आहे गं.”

चूक कुठे झाली ते नंतर कळलं. आत स्पंज असतो. तो शाई धरून ठेवतो म्हणून ती खालून गळत नाही. भसकन शाई सोडली तर स्पंजात हवा अडकते, वरून डबडबलेली आणि खाली कोरडी अशी गत होते. आता मी सुई स्पंजात खोलवर नेते आणि एक मिली जायला अर्धा मिनिट घेते. भोकाच्या तोंडाशी शाई दिसली की थांबायचं, दोन थेंब परत ओढून घ्यायचे. स्टिकर परत लावताना वरच्या हवेच्या बारीक खाचा सेलोटेपने बुजवू नका. मग ओलसर टिश्यूची घडी करून त्यावर खालचं तोंड अलगद टेकवायचं. सलग काळी रेघ उमटली तर जमलं. थेंब टपकत असेल तर जास्त भरलीय, टिश्यूवर तशीच ठेवून जास्तीची शाई टिपू द्या.

शाई घेताना दुकानदार ‘सगळ्याला चालते’ म्हणाला तर दोनदा विचारा. मी ग्रँट रोडला उतरून लॅमिंग्टन रोडच्या एका गाळ्यातून अशीच बाटली आणली होती. छपाई ठीक दिसली. मग जुलैत एक मुलगी छत्री असूनही भिजून आली आणि तिच्या वहीतल्या प्रश्नपत्रिकेवर भूमितीचा अख्खा प्रश्न जांभळा होऊन फुटला होता. ती डाय शाई होती, पाण्यात विरघळणारी. पुष्कळ काळ्या कार्ट्रिजमध्ये मुळात पिगमेंट शाई असते, तिचे कण कागदावर बसले की पाण्याला सहसा दाद देत नाहीत. आपल्या कार्ट्रिजमध्ये मुळात कोणती आहे ते पाहून तीच मागा. मुंबईच्या पावसात हा फरक लगेच कळतो.

रंगीत कार्ट्रिज घरी भरू नका, हे माझं स्पष्ट मत. एकाच डबीत निळा, गुलाबी, पिवळा असे तीन कप्पे असतात. कुठलं भोक कुठल्या रंगाचं ते टाचणी घालून बघावं लागतं, आणि एकदा पिवळ्यात निळा गेला की सूर्यफूल कायमचं हिरवं. मुलांच्या प्रोजेक्टची रंगीत चित्रं मी सरळ दुकानातून काढते.

भरल्यावरही प्रिंटर ‘शाई संपली’ म्हणत राहील. घाबरू नका, या कार्ट्रिजमध्ये तो शाई मोजत नाही, किती थेंब उडवले ते मोजतो. ओके करून पुढे जायचं. कॅननच्या बऱ्याच मॉडेलांत स्टॉपचं बटण पाचेक सेकंद दाबून धरलं की गप्प बसतो. वॉरंटी चालू असेल तर मात्र ती संपेपर्यंत थांबा. शाई सांडून बिघाड झाला तर कंपनी हात वर करेल.

महिन्याला दोनशेच्या वर पानं निघत असतील तर हे सगळं सोडा आणि टाकीवाला इंकटँक घ्या. मीही घेतला असता, पण मी एकच प्रत घरी काढते आणि बाकी वीस झेरॉक्स करून आणते.

आता तुमची कार्ट्रिज. लगेच शाई भरू नका. बशीत अगदी थोडं कोमट पाणी घ्या, जेमतेम तळ झाकेल इतकं, आणि फक्त खालची पट्टी दहा मिनिटं बुडू द्या. सोनेरी संपर्काचे ठिपके कोरडे राहिले पाहिजेत. मग टिश्यूवर टेकवा. पुसट का होईना, सलग रेघ आली तर भरा. दोन-तीनदा करूनही रेघ तुटक आली किंवा कागद कोराच राहिला, तर बाटलीवर पैसे घालण्याआधी नवी कार्ट्रिज घ्या आणि शंभरेक पानं झाली की पहिली भरणी करा.