नळीवर काय लिहायचं

प्रिय पोरी,

नागपूरच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात तू गाईंचा गर्भ पाडणाऱ्या ब्रुसेल्ला जिवाणूच्या जनुकीय वैविध्यावर काम करणार, हे तुझ्या तोंडून ऐकलं आणि रात्री उशिरापर्यंत झोप आली नाही. आर्वी-कारंजा भागात गवळाऊ गाई गाभडताना, म्हणजे अवेळी गर्भ टाकताना, मी आयुष्यभर पाहत आलो. कोणता जिवाणू कुठून आला, हे सांगण्याचं साधन माझ्याकडे नव्हतं. तुझ्याकडे आहे.

गाईंत आढळणारा ब्रुसेल्ला अबॉर्टस फार कमी बदलणारा जीव आहे. पशुवैद्य बर्नहार्ड बांग यांनी १८९७ मध्ये डेन्मार्कात तो ओळखला. दोन गुणसूत्रं, मिळून डीएनएची साधारण ३३ लाख अक्षरं, आणि इतर जिवाणूंकडून जनुकं उसनी घेणं त्याच्यात जवळजवळ नाहीच. त्यामुळे फरक शोधावा लागतो तो पुनरावृत्तीच्या जागांत. एकच छोटा तुकडा माळेतल्या मण्यांसारखा ओळीनं येतो, एका जिवाणूत तीनदा, दुसऱ्यात पाचदा. अशा १६ जागांवरचे मणी मोजले की त्याचा ठसा मिळतो. पण यातल्या काही जागा फार लवकर बदलतात. एका मण्याच्या फरकावरून दोन घराणी वेगळी ठरवू नकोस, पूर्ण जनुकसंच वाचून खात्री कर.

आता जे सांगायला बसलो ते. ठसा एकटा मुका असतो. मी वर्षानुवर्षं नळीवर ‘गाय, तांबडी’ एवढंच लिहून नमुने पाठवले. आज ते कुणी वाचले तरी काय कळणार? तू कानातल्या बिल्ल्याचा बारा अंकी क्रमांक लिही. गाभणपणाचा कितवा महिना होता, जार (गर्भाची वार) पडला की अडकला, गाय घरची की बाजारातली, कोणत्या बाजारातली, वळू कोणाचा, सगळं लिही. दोन गावांत एकच ठसा निघाला आणि दोन्ही गाई एकाच बैलबाजारातून आलेल्या असल्या, तर तुला वाट सापडली. लसीची नोंद तर हवीच. ब्रुसेल्लावरच्या एस-१९ लसीतला जिवाणूही अबॉर्टसच. एरिथ्रिटॉल नावाचा साखरेसारखा पदार्थ पचवण्याच्या जनुकांतली ७०२ अक्षरं त्यात गळालेली आहेत, त्यावरून तो ओळखता येतो. ती लस ४ ते ८ महिन्यांच्या कालवडींसाठी आहे. चुकून गाभण गाईला टोचली तर तीही गाभडू शकते, आणि तुझ्या नळीत लसीचाच जिवाणू येईल.

ही माहिती देणारा शेतकरी तुझ्यावर विश्वास ठेवेल तरच देईल. गाय गाभडली की तो आधीच खचलेला असतो, दूध गेलं, वासरू गेलं. त्याला नुसतं ‘पॉझिटिव्ह’ सांगून तू निघून आलीस, तर येत्या बाजाराच्या दिवशी ती गाय दुसऱ्याच्या दावणीला जाईल. त्यात त्याला दोष देऊ नकोस, पोराच्या फीची तारीख डोक्यावर असते. ओसरीवर बस, चहा घे. गाय वेगळी बांधायला, दूध उकळूनच प्यायला, गर्भ नि जार उकिरड्यावर न टाकता चुना घालून खोल पुरायला सांग. कुत्रं ते ओढत दुसऱ्या गोठ्यात नेताना मी डोळ्यांनी पाहिलं आहे.

आणि स्वतःला जप. सातव्या महिन्यात गाभडलेल्या एका गाईचा जार मी उघड्या हातानं काढला होता. काही आठवड्यांनी संध्याकाळचा ताप सुरू झाला. पहाटे घामानं गोधडी भिजायची, कंबर धरायची. मलेरिया समजून मी गोळ्या खात राहिलो. ब्रुसेल्ला आहे हे कळेपर्यंत चार महिने गेले होते. जिवाणू वाढवायचं काम तिसऱ्या स्तराच्या जैवसुरक्षा प्रयोगशाळेबाहेर करायचं नाही, कितीही घाई असली तरी.

दिवाळीनंतर ये. माझ्या ओळखीचे गोठे दाखवतो, म्हाताऱ्या गोपालकांशी गाठ घालून देतो. येताना खांद्यापर्यंतचे हातमोजे आण, तुझ्या मापाचे. इकडे मिळतात ते तुला ढिले होतील.

तुझा,
डॉक्टरकाका