ऑक्सिजन सेन्सर बदलण्याआधी कूलंट सेन्सर मोजून घ्या

तुमची २००८ ची वॅगन आर सकाळी पहिल्या चावीला चालू होते, पण दहा मिनिटं बंद ठेवून परत चावी मारली की नुसता स्टार्टर फिरत राहतो. काळा धूर, पेट्रोलचा वास, उतरलेलं मायलेज. स्कॅनरवर पी०१७२ आला आणि गॅरेजवाल्याने ऑक्सिजन सेन्सर (सायलेन्सरकडे जाणाऱ्या धुरातला ऑक्सिजन मोजणारा) बदलायला सांगितलं. इतक्यात बदलू नका. पी०१७२ म्हणजे मिश्रणात पेट्रोल जास्त आहे, एवढंच. ते कशामुळे जास्त आहे हे तो कोड सांगत नाही. उलट पेट्रोल जास्त जातंय ही खबर ऑक्सिजन सेन्सरनेच ईसीयूला, म्हणजे इंजिनाच्या कॉम्प्युटरला, दिली आहे, म्हणजे तो बहुधा नीट काम करतोय.

आधी एक फुकटची चाचणी करा. गरम गाडी चालू होत नसेल तेव्हा ॲक्सिलरेटर पूर्ण दाबून धरा आणि स्टार्टर मारा. बहुतेक एमपीएफआय (इंजेक्टरने पेट्रोल सोडणाऱ्या) गाड्यांत असं केलं की ईसीयू पेट्रोल तोडतो. दोन-चार सेकंदांत इंजिन खोकत चालू झालं, तर सिलिंडरमध्ये पेट्रोल साचत होतं हे नक्की.

अशा लक्षणांत माझा पहिला संशय कूलंट टेम्परेचर सेन्सरवर, म्हणजे इंजिन थंड ठेवणाऱ्या पाण्याचं तापमान मोजणाऱ्या सेन्सरवर जातो. तापमान वाढलं की त्याचा रेझिस्टन्स उतरतो आणि त्यावरून ईसीयू पेट्रोलची मात्रा ठरवतो. सेन्सर बिघडला की इंजिन ८५ अंशांवर असतानाही तो समजा ४० च सांगत राहतो. ईसीयू इंजिन थंडच समजतो आणि जास्त पेट्रोल सोडतो. थंड इंजिनाला तसंही जास्त पेट्रोल लागतं, म्हणून सकाळी काही बिघडलेलं वाटत नाही. या सेन्सरचा स्वतःचा कोड, पी०११७ किंवा पी०११८, सहसा वायर तुटली किंवा शॉर्ट झाली तरच येतो. ४० हा आकडा ईसीयूच्या दृष्टीने शक्य कोटीतला आहे, म्हणून तो गप्प राहतो.

सेन्सर थर्मोस्टॅट (इंजिन तापल्यावरच कूलंट रेडिएटरकडे सोडणारा व्हॉल्व्ह) ज्यात बसतो त्या हाउसिंगच्या आसपास सापडेल. तिथे दोन असू शकतात: एका वायरचा मीटरच्या काट्यासाठी, दोन वायरींचा ईसीयूसाठी. तुम्हाला दोन वायरींचा हवा. काटा बरोबर दिसतो म्हणून सेन्सर चांगला, हे इथे लागू पडत नाही.

रात्रभर उभ्या गाडीत, इंजिन चालू न करता, कपलर (सेन्सरवर बसणारा वायरींचा जोड) काढून सेन्सरच्या दोन पिनांमध्ये मल्टीमीटर लावा. या प्रकारच्या सेन्सरचे साधारण आकडे असे: २० अंशांना २.२ ते २.७ किलोओम, ३० ला १.७ च्या आसपास, ४० ला १.१ ते १.२, ६० ला ०.६, आणि ८० ला ३०० ते ३५० ओम. थंडीतला आकडा जुळला म्हणून सोडून देऊ नका. खोट बहुतेक वेळा गरम बाजूला असते. इंजिन पंखा लागेपर्यंत तापवा, बंद करा आणि लगेच परत मोजा. तिथे ३०० च्या खाली येण्याऐवजी ७००-८०० ओम दिसले, तर सेन्सर गेला.

मग कपलरकडची बाजू बघा. चावी ऑन, इंजिन बंद: एका पिनवर ५ व्होल्टच्या जवळपास आणि दुसरीला चांगलं अर्थिंग असलं पाहिजे. स्कॅनर असेल तर कपलर काढल्यावर तापमान उणे ४० दिसावं आणि कपलरच्या दोन पिना तारेने जोडल्यावर १२० च्या वर जावं. दोन्ही झालं तर वायरिंग आणि ईसीयू ठीक. मोबाइलवर चालणारा स्वस्त ब्लूटूथ स्कॅनर २०१० आधीच्या बऱ्याच गाड्यांना जोडलाच जात नाही, त्यामुळे मल्टीमीटर जास्त भरवशाचा.

खरेदीआधी अजून दोन गोष्टी तपासा. कूलंट कमी असेल किंवा आत हवा अडकली असेल, तर सेन्सरचं टोक पाण्यात बुडत नाही आणि चांगला सेन्सरही चुकीचं सांगतो. दुसरं, थर्मोस्टॅट. गाडी गरम होते म्हणून तो काढून टाकण्याची आपल्याकडे फार वाईट सवय आहे. थंड इंजिन चालू केल्यापासूनच रेडिएटरचा वरचा होज हळूहळू कोमट होऊ लागला, तर थर्मोस्टॅट उघडाच अडकलाय किंवा जागेवरच नाही. मग इंजिन खरोखरच थंड राहतं, सेन्सर खरं बोलतोय.

बदलण्याचं काम अर्ध्या तासाचं आहे, पण इंजिन पूर्ण थंड हवं. बॅटरीची निगेटिव्ह काढा, रेडिएटरची झाकण उघडून दाब सोडा, साधारण लिटरभर कूलंट स्वच्छ भांड्यात काढून घ्या. जुन्या कपलरचं प्लास्टिक कडक झालेलं असतं. वायर ओढू नका, लॉक दाबूनच काढा. सेन्सरला बहुतेक १९ ची लांब गोटी बसते. नवा सेन्सर बसवण्याआधी घरच्या तापमानाला मोजा, कारण नवा भागही खराब निघतो. नवा वॉशर घाला, आटे हाताने पूर्ण बसवा आणि मग साधारण १५ न्यूटन मीटरपर्यंतच आवळा. आटे ॲल्युमिनियममध्ये आहेत, जोर लावला की जातात. टेफ्लॉन टेप नको, गळती वॉशरच थांबवतो.

कूलंट डिस्टिल्ड वॉटरमध्येच मिसळा. बोअरचं पाणी घातलं की सेन्सरच्या टोकावर क्षारांचा पांढरा थर बसतो आणि हेच दुखणं परत सुरू होतं. हीटर गरमवर ठेवून, झाकण उघडी ठेवून, इंजिन पंखा लागेपर्यंत चालवा म्हणजे हवा निघेल. कूलंट वर फुगून येतं, हात आणि तोंड लांब ठेवा. कोड पुसा.

शेवटी प्लग काढून काजळी साफ करा आणि डिपस्टिकचा वास घ्या. ऑइलला पेट्रोलचा वास येत असेल तर ऑइल पातळ झालंय. किलोमीटर कितीही झालेले असोत, ऑइल आणि फिल्टर लगेच बदला. हे सगळं करूनही पी०१७२ परत आला, तर पुढचे संशयित म्हणजे गळका इंजेक्टर आणि मॅप सेन्सरचा (इंजिनात ओढल्या जाणाऱ्या हवेचा दाब मोजणाऱ्या सेन्सरचा) व्हॅक्यूम पाइप.