डिप्रेशनच्या गोळ्या एकदा सुरू केल्या की सवय लागते का? आयुष्यभर घ्याव्या लागतात का?

तुम्ही लिहिलंय की डॉक्टरांनी एस्सिटालोप्राम लिहून दिली, आईने "सवय लागेल, सुरूच करू नको" म्हणून अडवलं, आणि तेव्हापासून चिठ्ठी पाकिटात घालून फिरताय. सवय लागत नाही. सुरू करा. बहुतेकांना आयुष्यभर घ्याव्याही लागत नाहीत. एवढ्यावर उत्तर संपलं असतं, पण हाच प्रश्न आमच्या घरात कित्येक वर्षं भांडणाचा विषय आहे, त्यामुळे लांबणार आहे.

मी सेलूचा, परभणी जिल्हा. माझं मेडिकल आहे. काउंटरच्या आत उभं राहून एक गंमत रोज बघतो: जिची सवय लागत नाही त्या गोळीला लोक भितात, आणि जिची लागते ती मागायला बिनचिठ्ठीचे येतात. "झोपेची पट्टी द्या की, नेहमीची." ती झोपेची अल्प्राझोलाम मार्च 2014 पासून शेड्यूल एच-1 मध्ये, म्हणजे चिठ्ठीशिवाय न द्यायच्या औषधांच्या कडक यादीत आहे. डॉक्टरचं नाव, पेशंटचं नाव, किती गोळ्या दिल्या, सगळं वेगळ्या रजिस्टरला लिहून ते तीन वर्षं सांभाळावं लागतं. हे सांगितलं की गिऱ्हाईक चिडतं आणि दुसरं दुकान गाठतं. त्याच माणसाच्या मुलीला डिप्रेशनवरची सर्ट्रालीन लिहून दिली की तो चिठ्ठी काउंटरवर ठेवून, आजूबाजूला बघून विचारतो, "ह्याची सवय तर नाही ना लागणार?"

आता माझं.

बाजाराचा दिवस होता, दुकानात गर्दी. सुट्टे मोजता मोजता छातीत धडधड सुरू झाली, हाताला मुंग्या, घशात काहीतरी अडकल्यासारखं, आणि पक्की खात्री की आपण आता गेलो. शेजारच्या दुकानदाराने हार्ट अटॅक समजून जिभेखाली सॉर्बिट्रेट ठेवली, तीही माझ्याच रॅकमधली. त्याने बीपी उतरलं, डोकं फुटायची वेळ आली. इथल्या डॉक्टरांनी ईसीजी काढला, नॉर्मल. घरच्यांचं समाधान होईना म्हणून छत्रपती संभाजीनगरला नेलं. टूडी इको, टीएमटी, शेवटी अँजिओग्राफी. सगळं स्वच्छ. तिथल्या हार्टच्या डॉक्टरांनी "टेन्शन घेऊ नका" असं सांगून ॲसिडिटीची गोळी दिली. टेन्शन घेऊ नका, हे काय औषध आहे? पॅनिक अटॅक म्हणतात त्याला. साधारण दहा मिनिटांत चढतो आणि अर्ध्या तासात बहुतेक उतरतो, माणूस त्याने मरत नाही. एवढी दोन वाक्यं कुणी तेव्हा सांगितली असती तर पुढचं निम्मं टळलं असतं.

कारण पुढे मी अटॅकपेक्षा अटॅकच्या भीतीलाच जास्त भ्यायला लागलो. बाजाराच्या दिवशी दुकान नको, मग गाडी चालवणं नको, मग दुकानच नको. मंडळी शटर उघडायची, पोरगा हिशेब लिहायचा, मी आतल्या खोलीत भिंतीकडे तोंड करून. पहाटे तीनला टक्क जाग. भूक नाही, पेपर वाचला तरी डोक्यात शिरायचा नाही. नको त्या विचारांपर्यंत गोष्ट गेली होती, त्याबद्दल इथे एवढंच.

मायचं ठरलेलं होतं: कुणीतरी केलंय. मराठवाड्यातल्या माणसाला भानामती काय ते सांगायला नको. लिंबू आले, अंगारा आला, एक देवऋषी दारात येऊन उभा राहिला. त्याला हाकललं ते आप्पांनी.

आप्पा म्हणजे माझे थोरले भाऊ. माळकरी माणूस, आळंदीची वारी कधी चुकवली नाही, गावात शब्दाला वजन. वडिलांच्या मागे त्यांनीच मला फार्मसीला घातलं. त्यामुळे ते अडाणी आहेत असं म्हणायची सोय नाही. देवऋषीला हाकलून आत आले आणि मला म्हणाले, "रिपोर्ट चांगले आलेत ना? मंग कशाला तोंड पाडून बसलास? पहाटं ऊठ, हरिपाठ म्हण, मळ्याकडं चक्कर मार." चक्कर वाईट नाही, हरिपाठही वाईट नाही. पण ज्याला अंथरुणातून पाय खाली ठेवायला तास लागतो त्याला पहाटे ऊठ म्हणणं म्हणजे पाय मोडलेल्याला पळ म्हणणं आहे.

सुटका झाली ती बायकोच्या वहिनीमुळे. ती आशा कार्यकर्ती. मराठवाड्याचे आठही जिल्हे आणि विदर्भाचे सहा, अशा चौदा जिल्ह्यांत शेतकऱ्यांच्या आत्महत्या रोखायला सरकारचा प्रेरणा प्रकल्प आला, त्यात आशाताईंना घरोघर जाऊन झोप, भूक, मरणाचे विचार असं विचारायला शिकवलं होतं. ती भेटायला आली आणि चहा पिता पिता तिने मला तेच प्रश्न विचारले. शेवटच्या प्रश्नाला मी उत्तर दिलं नाही. ती उठली आणि बायकोला म्हणाली, "उद्याच परभणीला न्या."

तिथल्या सरकारी दवाखान्यातल्या मनोविकाराच्या डॉक्टरांनी आधी थायरॉईड आणि बी-12 तपासायला सांगितलं (हे तुमचंही झालं नसेल तर करून घ्या, थायरॉईड कमी असलं तरी माणूस असाच मंदावतो). मग दोन गोळ्या. एस्सिटालोप्राम, आधी 5 मग 10 मिलिग्रॅम. आणि सुरुवातीच्या काही आठवड्यांपुरती अल्प्राझोलामच्याच जातीची क्लोनाझेपाम, जिच्यापुढे बंद करायची तारीख त्यांनी चिठ्ठीवरच लिहिली होती. चांगला डॉक्टर असा ओळखावा. कारण ती अर्ध्या-एक तासात गार करते, म्हणूनच माणूस तिला सोडत नाही. एस्सिटालोप्रामला गुण यायला दोन ते चार आठवडे लागतात, पूर्ण फरक दिसायला त्याहून जास्त. ज्या गोळीने त्याच दिवशी काहीच वाटत नाही तिची चटक कुणाला लागणार?

पहिला आठवडा मात्र बेकार गेला. मळमळ, पोट बिघडलेलं, धडधड उलट वाढलेली. हे होतं हे मला धंद्यामुळे माहीत होतं. तुम्हाला कुणी सांगितलं नसेल तर आत्ताच ऐकून ठेवा, कारण इथेच लोक गोळ्या फेकतात. आप्पांना तर हवंच होतं. "बघ, वाढलं. येड्याच्या गोळ्या कामून खायलास तू?"

महिनाभराने केव्हातरी होलसेलरचा माणूस आला होता. एक्स्पायरी मालाच्या क्रेडिट नोटमध्ये त्याने खोड काढली आणि मी त्याला असा झाडला की रस्त्यावरची माणसं थांबली. बायको आतून बघत होती. तिने त्या दिवशी धपाटे केले, आणि मी मोजायचं विसरून खाल्ले.

मग भाचीचं लग्न. पंगतीत कुणीतरी मला वाढायचा आग्रह करत होतं तर आप्पा सगळ्यांदेखत म्हणाले, "त्याला जास्त बोलू नका, त्याच्या डोक्याच्या गोळ्या चालू हायेत. एक डाव तर वाटलं, येरवड्यालाच न्यावं लागतंय." माणसं हसली. 2015-16 च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात आलंय की देशातल्या साधारण 20 प्रौढांमागे एकाला आयुष्यात कधी ना कधी डिप्रेशन येतं. त्या मांडवात चारशे माणूस असेल. म्हणजे त्यांतले वीसेक जण तरी एक तर जाऊन आलेले किंवा जाणारे.

आता आप्पांची गोष्ट सांगतो, जी मी त्या पंगतीत सांगितली नाही. खूप वर्षांमागे त्यांचं पायाचं ऑपरेशन झालं. रात्री झोप येईना म्हणून काही दिवसांपुरती अल्प्राझोलाम दिली होती. ते काही दिवस अजून संपलेले नाहीत. "अर्धीच घेतो रे," म्हणतात. एखाद्या रात्री चुकली तर दुसऱ्या दिवशी हात थरथरतो, घरातल्या सगळ्यांवर ओरडतात. आणि हे गृहस्थ मला सवयीबद्दल शिकवतात! एकदा घरी दोन्ही पट्ट्या त्यांच्यापुढे ठेवल्या. म्हटलं, आप्पा, ह्यातली एक अचानक बंद केली तर फिट येऊ शकते, कोणती ते सांगा. ते म्हणाले, "तू दोन बुकं जास्त शिकलास म्हणून मला शिकवायलास? माझं ते औषध आहे, तुझं ते व्यसन आहे." तो वाद तिथेच आहे.

माझी गोळी पुढे बंद झाली. पहिल्यांदाच आजार झाला असेल तर बरं वाटायला लागल्यावर सहा ते नऊ महिने तोच डोस चालू ठेवायचा, मग डॉक्टर हळूहळू उतरवतात. माझा त्याहून थोडा लांबला. उतरवताना काही दिवस चक्कर, डोक्यात बारीक झटके बसल्यासारखं आणि चित्रविचित्र स्वप्नं. आप्पा लगेच, "हीच ती सवय." नाही. मेंदूला औषधाशिवाय जुळवून घ्यायला वेळ लागतो, त्याचा हा त्रास. तो काहींना बराच होतो, म्हणून एकदम बंद करायची नाही. व्यसनात माणूस डोस वाढवत जातो, गोळीसाठी खोटं बोलतो, चोऱ्या करतो. इतक्या वर्षांत माझ्याकडे एकही माणूस "एस्सिटालोप्रामची एक पट्टी गुपचूप द्या, हवे तेवढे पैसे घ्या" म्हणत आलेला नाही. झोपेच्या गोळीसाठी आलेत, खोकल्याच्या औषधासाठी आलेत.

लोक समजावताना "शुगरच्या गोळीसारखंच आहे हे" म्हणतात, ते मला अर्धंच पटतं. शुगरची गोळी बहुतेकांना कायमची असते. तुमच्या आईला नेमकी त्याचीच धास्ती आहे, तेव्हा हा दाखला तिच्यापुढे देऊ नका.

तिला पटवायचं कसं, हेही तुम्ही विचारलंय. सोपा मार्ग, पुढच्या वेळी ओपीडीला बरोबर न्या आणि जे तुम्हाला विचारलं ते तिला डॉक्टरांनाच विचारू द्या. नाहीच ऐकलं तर न सांगता सुरू करा. तुम्ही सज्ञान आहात. 2017 च्या मानसिक आरोग्य कायद्यात पेशंटची माहिती गुप्त ठेवण्याचा हक्क दिलेला आहे, डॉक्टर सहसा तुमच्या परवानगीशिवाय घरी काही सांगणार नाहीत. मला तर सगळ्यांना सांगून काय मिळालं ते वर लिहिलंच आहे. घरातला एक माणूस मात्र माहितीतला असावा, गोळी चुकली तर आठवण करणारा. तो मोठाच असला पाहिजे असं नाही.

थोडं राहून गेलं. वय पंचविशीच्या आत असेल तर सुरुवातीच्या आठवड्यांत मरणाचे विचार कधीकधी वाढतात, तेव्हा कुणीतरी लक्ष ठेवायला हवं आणि तसं झालं तर त्याच दिवशी डॉक्टरला गाठायचं. पूर्वी कधी उलटं झालं असेल, म्हणजे दिवसचे दिवस झोप न लागता अंगात नुसती ताकद, पैशांची उधळण, तर ते डॉक्टरांना आधी सांगा, त्या आजाराचं औषध वेगळं असतं. शरीरसंबंधांची इच्छा कमी होऊ शकते, हे कुणी बोलत नाही पण बरेच जण त्यापायीच गोळी सोडतात. सोडू नका, डॉक्टरला सांगा, बदलून देतात. दारू बंद. आजार पुन्हा पुन्हा उलटत असेल तर गोळी दोन वर्षं किंवा त्याहून जास्त चालते, काहींना कायमचीही लागते, आणि लागली तरी जगाचं काही बुडत नाही. सौम्य त्रासात नुसत्या समुपदेशनानेही भागतं, पण तालुक्याच्या गावी ते करणारा शिकलेला माणूस शोधून दाखवा. राज्यातली जुनी चार मनोरुग्णालयं ठाणे, येरवडा, नागपूर आणि रत्नागिरीला, आपल्याकडे त्यातलं एकही नाही. रात्री-बेरात्री फारच झालं तर 14416 लावा. टेली-मानस, ऑक्टोबर 2022 पासून चालू आहे, फुकट आहे, चोवीस तास आहे, मराठीत बोलतात.

आप्पांची अर्धी गोळी अजून चालू आहे. ती एकदम बंद करा असं मी कधी म्हटलेलं नाही, हळूहळू उतरवून देतात एवढंच म्हणतोय. पुतण्या इथे वाचत असतो, तो त्यांना हे वाचून दाखवेलच. तर आप्पा, तुमच्या चिठ्ठीची मुदत संपलीय, जुन्या चिठ्ठीवर पट्टी मिळणार नाही, भाऊ असलात तरी. डबीत आहेत त्या संपायच्या आत परभणीला जाऊ. मंगळवार जमतो का सांगा, गाडी मी काढतो.