कपाटं हलवण्याआधी

प्रिय मुली,

अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र दोनदा वाचलं. ‘आता सगळं मोबाईलवर मिळतं, मग ग्रंथालयासाठी एवढी मोठी खोली कशाला अडवायची?’ असं मुख्याध्यापक म्हणाले आणि तुला राग आला. राग येणारच, पण जरा त्यांच्या खुर्चीत बसून बघ. वर्गखोल्या कमी, डिजिटल वर्ग कुठे बसवायचा हा घोर, आणि तुझी खोली येता-जाता त्यांना कुलूपबंद दिसते. प्रश्न अगदीच चुकीचा नाही. त्यांना वाचनसंस्कृतीवर भाषण ऐकवू नकोस. १५ ऑक्टोबरला, वाचन प्रेरणा दिनाला, ते भाषण दरवर्षी तेच करतात.

सगळं मिळतं हे खरंच आहे. बालभारतीची पाठ्यपुस्तकं पीडीएफमध्ये फुकट उतरवता येतात, त्यांतले क्यूआर कोड ‘दीक्षा’ या सरकारी शैक्षणिक ॲपवर नेतात. आयआयटी खरगपूरने उभारलेल्या राष्ट्रीय डिजिटल ग्रंथालयात शालेय विभाग आहे. मराठी विश्वकोशाचा पहिला खंड १९७६ साली आला, तेव्हा शाळांमधून तो ‘संदर्भग्रंथ, घरी नेऊ नये’ असा शिक्का मारून कुलपात ठेवला जायचा. आज त्याचे सगळे खंड कुणालाही, कुठेही, फुकट वाचता येतात. आणि तरीही तुझ्या शाळेतला आठवीचा मुलगा प्रकल्पासाठी ‘वीरगळ’, म्हणजे लढाईत पडलेल्या वीराच्या आठवणीचा कोरीव दगड, शोधतो, पहिला व्हिडिओ बघतो, त्यातलं जे आठवेल ते वहीत उतरवतो आणि मोकळा होतो. विश्वकोश त्याच्या बोटापासून दोन टिचक्यांवर असतो, पण तो आहे हेच त्याला कुणी सांगितलेलं नसतं. ग्रंथालयशास्त्रज्ञ रंगनाथनांचे पाच नियम तुला पाठ आहेत, १९३१ पासूनचे, त्यामुळे उगाळत नाही. चौथा तेवढा आठव: वाचकाचा वेळ वाचवा. कपाटं उघडी असोत की पडद्यावर असोत, तुझं काम तेच.

म्हणून पहिली गोष्ट सांगते, आणि या पत्रातली एकच करायची झाली तर हीच कर. डिजिटल साधनांची दाखल नोंदवही घाल.

पुस्तक घेताना आपण ते चाळतो, नोंदवहीत चढवतो, दाखल क्रमांक टाकतो, विषयाप्रमाणे वर्गांक देतो, जागेवर लावतो. फुकटची लिंक आली की यातलं काहीच होत नाही. शिक्षकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर ती पडते आणि संध्याकाळपर्यंत वाढदिवसाच्या शुभेच्छांखाली गाडली जाते. तुझ्या वहीत रकाने असे पाड: नाव, कुणी केलं, कोणत्या साली, कोणत्या इयत्तेला चालेल, नेटशिवाय चालतं का, छापायला परवानगी आहे का, आणि शेवटचा रकाना ‘चालू आहे हे कधी तपासलं’. हा शेवटचा रकाना भरायचा कंटाळा येतो, पण वही जिवंत राहते ती त्याच्यामुळे. सत्र सुरू होताना एकदा सगळ्या लिंका उघडून बघायच्या. जी उघडत नाही तिच्यावर तांबडी रेघ.

तपासताना स्टाफरूममधला चांगला लॅपटॉप वापरू नकोस. संगणक कक्षातला सगळ्यात रडका संगणक आणि शिपाईमामांचा साधा मोबाईल, या दोन्हींवर चाललं तरच नोंद. मराठी पीडीएफ असेल तर त्यातला एखादा शब्द शोधून बघ. पुष्कळ जुन्या फायली श्रीलिपीसारख्या युनिकोडआधीच्या फॉण्टमध्ये बनवलेल्या किंवा नुसते पानांचे फोटो असतात. वाचता येतात, पण शोधायला गेलं की हाती भोपळा. अशी फाईल टाकून द्यायची नाही, फक्त नोंदीत ‘शोध चालत नाही’ लिहायचं, म्हणजे मुलांचा वेळ जात नाही. नेट जात असेल, आणि तुमच्याकडे पावसाळ्यात ते जाणारच, तर ‘किविक्स’ नावाचं मोफत सॉफ्टवेअर घे. मराठी विकिपीडिया त्यात उतरवून ठेवला की नेट नसतानाही उघडतो.

मग ही साधनं कपाटापर्यंत आण. वेगळी ‘डिजिटल लायब्ररी’ म्हणून पाटी लावून कोपऱ्यात संगणक मांडलास तर तो गेम खेळायचा कोपरा होईल. त्यापेक्षा ५२३ या वर्गांकाच्या कप्प्यावर, खगोलशास्त्राच्या पुस्तकांच्या बाजूलाच, क्यूआर कोडचं स्टिकर लाव. प्लूटोला २००६ मध्ये ग्रहांच्या यादीतून काढलं. तुझ्या कप्प्यातली त्याआधीची पुस्तकं मुलांना नऊ ग्रह शिकवत बसली असतील. नकाशासंग्रह काढून बघ. पालघर जिल्हा १ ऑगस्ट २०१४ ला झाला. ज्या नकाशात तो नाही, तो नकाशा इतिहासाच्या तासाला द्यावा, भूगोलाच्या नव्हे. कागद जुना होतो तशी लिंकही जुनी होते, पण लिंकच्या पानांना पिवळेपणा येत नाही, म्हणून तिच्यावर जास्त नजर हवी.

संगणकावर यादी करायला घेतली आहेस हे उत्तम. ग्रंथालयाच्या सॉफ्टवेअरांपैकी ‘कोहा’ घे किंवा एनआयसी या सरकारी संगणक संस्थेचं ‘ई-ग्रंथालय’ घे, मला त्यात वाद घालायचा नाही. साध्या एक्सेलवरही छोट्या शाळेचं भागतं. पण टंकलेखनाचं आधीच ठरव. ‘कादंबऱ्या’मधला ऱ्या दोन तऱ्हांनी टाइप होतो, दिसायला हुबेहूब एक, संगणकाच्या लेखी दोन वेगळे. ‘ॲ’चंही तसंच. तू एका तऱ्हेने नोंद केलीस आणि मुलीने दुसऱ्या तऱ्हेने शोधलं की पडद्यावर ‘पुस्तक उपलब्ध नाही’ येतं, आणि पुस्तक तिच्या पाठीमागच्या कपाटात असतं. लेखकाचं नावही एकच पक्कं कर. कुसुमाग्रज एका नोंदीत, वि. वा. शिरवाडकर दुसऱ्या आणि ‘शिरवाडकर, विष्णू वामन’ तिसऱ्या, असं झालं तर एका माणसाची तीन माणसं होतात. हे नियम एका पानावर लिहून संगणकाशेजारी चिकटव. उद्या तुझी बदली झाली तर पुढच्या माणसाला दुवा देण्याऐवजी शिव्या द्याव्या लागू नयेत.

परवानगीचं एक. शिक्षक तुला नव्या पुस्तकाची पीडीएफ पाठवतील, ‘टाक ग ग्रुपवर’ म्हणतील. नको. आपल्याकडे लेखकाचा हक्क त्याच्या मृत्यूनंतर ६० वर्षं राहतो आणि ती वर्षं पुढच्या जानेवारीपासून मोजतात. साने गुरुजी १९५० मध्ये गेले, म्हणून त्यांचं लेखन २०११ पासून सर्वांना खुलं आहे. ते छाप, वाट, मुलांकडून वाचून घेऊन ध्वनिमुद्रित कर. वि. स. खांडेकर १९७६ मध्ये गेले, तिथे अजून थांबायचं आहे. पु. ल. तर २०६० संपेपर्यंत नाहीत, तेव्हा तूही निवृत्त झालेली असशील. लहान वर्गांसाठी प्रथम बुक्सचं ‘स्टोरीवीव्हर’ बघ. तिथल्या गोष्टी श्रेयनामावली ठेवून छापायची मोकळीक आहे, मराठीत भरपूर आहेत आणि वाचनाच्या पातळीप्रमाणे लावलेल्या आहेत. छापून, मधोमध पिना मारून छोटी पुस्तकं कर. पाचवीपर्यंतच्या मुलाच्या हातात कागदच असावा असं माझं मत आहे. कुणी जुनाट म्हणालं तरी चालेल.

आता मला ज्याविषयी खरं बोलायचं होतं तिकडे येते. काही गोष्टी पुस्तकात मावतच नाहीत, आणि तिथे हे नवं साधन खरं उपयोगी पडतं. हेमा राइरकर आणि गी पॉइत्वाँ यांनी सहकाऱ्यांसह महाराष्ट्राच्या खेड्यापाड्यांतून जात्यावरच्या ओव्या गोळा केल्या, एक लाखाहून जास्त. त्या आता ‘पारी’ या ग्रामीण भारताच्या नोंदी ठेवणाऱ्या संकेतस्थळावर येत आहेत, पुष्कळशा गाणाऱ्या बायकांच्याच आवाजात. ओवी छापली की दोन ओळींची होते. ऐकली की तिच्यातला दम, मधली थांबणी, जात्याच्या फेऱ्याबरोबर लांबणारा सूर कळतो. पाठ्यपुस्तकात लोकसाहित्य येतं, मुलं ‘ओवी म्हणजे काय’ याचं चार ओळींचं उत्तर पाठ करतात. ग्रंथालयाच्या तासिकेला एक साधा स्पीकर ठेव आणि दोन ओव्या ऐकव. प्रश्न विचारू नकोस. कुणीतरी म्हणेलच, ‘बाई, माझ्या आजीला येतात.’

तिथून तुझा संग्रह सुरू होतो. त्या मुलीला घरी पाठवून आजीच्या ओव्या ध्वनिमुद्रित करून आणायला सांग. आधी आजीला विचारायचं, शाळेत ऐकवलं तर चालेल का, नाव घातलं तर चालेल का. हो म्हणाली तर फाईलच्या सुरुवातीला तिच्याच तोंडून नाव, गाव, माहेरचं गाव येऊ दे. फाईलला नाव देताना ‘न्यू रेकॉर्डिंग ७’ असलं काही ठेवू नकोस. गाव, विषय, साल असं नाव, आणि दाखल नोंदवहीत रीतसर क्रमांक. एक प्रत शाळेच्या संगणकावर, दुसरी वेगळ्या हार्ड डिस्कवर. पेनड्राइव्हवर विसंबू नकोस, ते चालता चालता दगा देतात.

वीरगळाचंही असंच. तुमच्या सातारा जिल्ह्याचं १८८५ चं गॅझेटियर, म्हणजे इंग्रज सरकारने छापलेला जिल्ह्याचा माहितीग्रंथ, आज आंतरजालावर आहे. इंग्रजी जड आहे, मराठी माध्यमाच्या मुलाला एकट्याने झेपणार नाही. तालुक्याच्या गावाविषयीचा एक परिच्छेद तू त्यांच्यासोबत बसून लाव. मग विश्वकोशातून वीरगळ म्हणजे काय ते वाचा, आणि नंतर देवळामागच्या वीरगळापाशी जाऊन कप्पे मोजा, फोटो काढा, कोणत्या कप्प्यात लढाई आणि कोणत्यात शिवपूजा ते लिहा. हा मजकूर जगातल्या कुठल्याही सर्व्हरवर नसेल. मुलं चॅटजीपीटीला विचारून प्रकल्प आणतात म्हणून तू हैराण आहेस ना? चॅटजीपीटीलाही याच वीरगळाबद्दल त्यांना विचारू दे. जे उत्तर येईल ते मोठ्याने वाचायचं आणि प्रत्येक वाक्याला ‘हे कुठून कळलं?’ विचारायचं. बंदी घालण्यापेक्षा हा खेळ मुलांना जास्त शिकवतो आणि तुझा आवाजही वाचतो.

मुख्याध्यापकांकडे जाशील तेव्हा ती नवी नोंदवही, ओव्यांच्या दोन फायली आणि तासिकांचं वेळापत्रक घेऊन जा. डिजिटल वर्ग ग्रंथालयातच बसवू या, असं तूच सुचव. पडदा तुझ्या खोलीत आला तर कपाटं राहतात. पडदा दुसरीकडे गेला तर कपाटं व्हरांड्यात येतात आणि पहिल्या पावसात भिजतात. अर्धी कपाटं कमी करायची तयारी मात्र ठेव. जुनी गाइडं, कालबाह्य प्रश्नसंच, कुणी न मागता भेट दिलेले गठ्ठे हे गेलेच पाहिजेत, त्यांच्यासाठी भांडू नकोस.

फक्त ते रीतीने. निर्लेखनाची, म्हणजे नोंदीतून कायमची काढायच्या पुस्तकांची, यादी दाखल क्रमांकांसह कर आणि शाळा समितीचा ठराव होईपर्यंत एकही पुस्तक रद्दीवाल्याच्या तराजूत जाऊ देऊ नकोस. नोंद तुझ्या सहीची असते, भरपाई तुझ्याकडे मागतील. जुने नकाशासंग्रह आणि शाळेची हस्तलिखितं त्या यादीत घालू नकोस. ठरावाचा मसुदा आधी मला पाठव, मी बघून देते. आणि ई-ग्रंथालयाचं काय ठरलं तेही कळव, नोंदींचा नमुना माझ्याकडे तयार आहे.

तुझ्या,
ग्रंथालयाच्या बाई