प्रभूसमोर ‘लीन’ व्हायचं की ‘नम्र’?

संडे स्कूलमध्ये शिकवणाऱ्या एका ताईंनी विचारलं आहे: “बायबलमधल्या याकोबाच्या पत्रात ‘प्रभूसमोर लीन व्हा’ असं वचन आहे. वर्गातल्या मुलांनी विचारलं, लीन म्हणजे तल्लीन का? शब्दकोशात ‘विरघळलेला, एकरूप झालेला’ असाही अर्थ सापडतो. मग सरळ ‘नम्र व्हा’ का म्हटलं नाही? आणि ‘स्वतःला लीन करा’ म्हणावं की ‘लीन व्हा’?”

ताई, मुलांची शंका रास्त आहे, कारण ‘लीन’ला मराठीत खरोखरच दोन अर्थ आहेत. शब्द संस्कृत ‘ली’ धातूपासून आला आहे. धातुपाठात, म्हणजे संस्कृत धातूंच्या जुन्या यादीत, त्याचा अर्थ ‘श्लेषणे’ असा दिला आहे, म्हणजे चिकटणे, बिलगणे. लय, विलय, प्रलय ही त्याचीच मुलं. देवालय, विद्यालय यांतला ‘आलय’ही तिथलाच, म्हणजे जिथे माणूस टेकतो, स्थिरावतो ती जागा. वेरूळ-अजिंठ्याची ‘लेणी’सुद्धा याच कुळातली, ‘लयन’वरून आलेली. ‘तल्लीन’ म्हणजे तत् + लीन, त्यातच बुडालेला.

मराठीत या दोन अर्थांची फारकत विभक्तीवरून आणि शब्दयोगी अव्ययावरून कळते. ‘कशात’ लीन असं म्हटलं की अर्थ बुडून जाण्याचा होतो: ध्यानात लीन, भजनात लीन. ‘कोणापुढे’, ‘कोणासमोर’, ‘चरणी’ लीन म्हटलं की अर्थ होतो खाली झुकलेला, आपला तोरा सोडलेला. याकोबाच्या वचनात ‘समोर’ आहे, म्हणून तिथे तल्लीनतेचा प्रश्न येत नाही. हा ‘समोर’ मुलांना फळ्यावर मोठ्या अक्षरात लिहून दाखवा. त्यात देव आणि माणूस हे दोघे दोनच राहतात. माणूस देवात विरघळून नाहीसा होत नाही, तो देवापुढे उभा असतो आणि आपण कोण आहोत हे ओळखतो. तरीही धातूचा जुना ‘बिलगणे’ हा अर्थ मला इथे परका वाटत नाही. बायबलच्या 63व्या स्तोत्रात दावीद राजाचा जीव देवाला चिकटून राहतो. मूळ हिब्रू शब्द अर्थातच वेगळा आहे, पण जो झुकला त्यालाच बिलगता येतं, हे दोन्हीकडे खरं आहे.

आता ‘नम्र’. हा ‘नम्’ धातूचा, म्हणजे वाकणे. नमन, नमस्कार, प्रणाम सगळे त्याचे सोयरे. रोजच्या मराठीत मात्र ‘नम्र’ शब्द माणसामाणसांतल्या वागण्याकडे सरकला आहे. ‘नम्र विनंती’ पत्रावर असते, ‘नम्र स्वभाव’ स्थळ सुचवताना सांगतात. ‘विनय’ तर शिक्षणातून आलेली शिस्त, तिच्यात ‘नेणे’, वळण लावणे हा अर्थ आहे. हे दोन्ही गुण चांगले आहेत, पण ते देव न मानणाऱ्यातही असू शकतात. याकोब जे मागतो आहे ते याच्याही आधीचं आहे.

मला सर्वांत उलगडून दाखवणारी जागा वाटते ती पेत्राच्या पहिल्या पत्राचा पाचवा अध्याय. आपल्या प्रचलित पवित्र शास्त्रात पाचव्या वचनात एकमेकांची सेवा करण्यासाठी ‘नम्रतारूपी कमरबंद’ बांधायला सांगितलं आहे, आणि लगेच कारण दिलं आहे: देव गर्विष्ठांना विरोध करतो आणि ‘लीनांवर’ कृपा करतो. पुढच्याच वचनात ‘देवाच्या पराक्रमी हाताखाली लीन व्हा’. मूळ ग्रीकमध्ये या तिन्ही ठिकाणी एकाच कुळातला शब्द आहे, ‘तापेइनोस’, म्हणजे खालचा, सखल. भाषांतरकारांनी मात्र माणसांशी वागायची गोष्ट आली तिथे ‘नम्रता’ ठेवली आणि देवाच्या हाताखालची गोष्ट आली तिथे ‘लीन’. मला हे फार सुंदर वाटतं. मराठीने इथे मुळातल्यापेक्षा एक बारकावा जास्त दाखवला. एकमेकांशी नम्र का राहायचं, तर त्याच्या आधी आपण सगळेच कुणाच्या तरी हाताखाली आहोत म्हणून. लीनता हा पाया आणि नम्रता हा त्यावर उभा राहणारा व्यवहार, असा क्रम त्या दोन वचनांत आपोआप दिसतो.

हा नियम सगळीकडे पाळलेला नाही. मीखा संदेष्ट्याच्या पुस्तकाच्या सहाव्या अध्यायात देवाबरोबरच्या चालण्यालाच ‘नम्रभावाने’ म्हटलं आहे, आणि फिलिप्पैकरांस पत्रात ‘लीनतेने एकमेकांना आपणांपेक्षा श्रेष्ठ माना’ असं माणसांबद्दल आहे. तेव्हा याला कायदा न मानता कल म्हणावं. पण फिलिप्पैच्या त्या अध्यायात थोडं थांबाच, कारण तिथे मराठीआड एक मोलाची गोष्ट लपली आहे. तिसऱ्या वचनात पत्र लिहिणारा प्रेषित पौल ‘पोकळ डौल’ टाळायला सांगतो. सातव्या वचनात ख्रिस्ताबद्दल म्हणतो की त्याने स्वतःला ‘रिक्त केले’. ग्रीकमध्ये ‘पोकळ’ आणि ‘रिक्त’ यांच्या मुळाशी एकच शब्द आहे, ‘केनोस’. माणूस आत काही नसताना डौल मिरवतो, आणि ज्याच्यापाशी सर्व काही होतं तो आपण होऊन रिता होतो, दासाचं रूप घेतो, वधस्तंभावरच्या मरणापर्यंत जातो. याच वाक्याच्या शेवटी क्रियापद येतं: ‘त्याने स्वतःला लीन केले’. ख्रिस्ती माणसाच्या लीनतेची मोजपट्टी इथे आहे. शिष्टाचाराच्या पुस्तकात ती सापडणार नाही.

मुलांना गोष्ट हवी असेल तर लूककृत शुभवर्तमानाच्या 18व्या अध्यायातला परूशी आणि जकातदार घ्या. परूशी म्हणजे धर्मनियम काटेकोर पाळणारा यहुदी, जकातदार म्हणजे कर गोळा करणारा, लोकांच्या लेखी पापी. दोघे मंदिरात प्रार्थनेला येतात. परूशाच्या तोंडचे शब्द नीट वाचून दाखवा. तो आभार मानतो आहे! आठवड्यातून दोनदा उपास, मिळकतीचा दशमांश, सगळं चोख. बोलण्यात उद्धटपणा शोधून सापडत नाही. फक्त तो देवासमोर उभा राहून स्वतःला बाजूच्या माणसाशी ताडून पाहतो. जकातदाराला बाजूला कोण आहे याचं भानच नाही. ‘हे देवा, मज पाप्यावर दया कर,’ एवढंच त्याचं मागणं. पहिला माणूस नम्र भाषेत बोलूनही लीन नाही.

जुन्या मंडळींनीही हाच क्रम धरला. उत्तर आफ्रिकेतल्या हिप्पो शहराचे बिशप ऑगस्टीन यांनी इ. स. 410 च्या सुमारास दियोस्कोरस नावाच्या विद्यार्थ्याला लिहिलं की सत्याच्या वाटेवर पहिली गोष्ट लीनता, दुसरी लीनता, तिसरी लीनता, आणि जितक्या वेळा विचारशील तितक्या वेळा मी हेच सांगेन. सहाव्या शतकातल्या संत बेनेडिक्ट यांच्या मठनियमाच्या सातव्या अध्यायात लीनतेच्या 12 पायऱ्या आहेत. पहिली पायरी देवाचं भय सतत डोळ्यांसमोर ठेवण्याची. कमी बोलणं, हळू बोलणं या नवव्या आणि अकराव्या पायऱ्यांवरच्या गोष्टी, आणि मान खाली घालणं अगदी शेवटी, बाराव्या पायरीवर. तिथे बेनेडिक्ट यांनाही तो जकातदारच आठवला आहे. आपण मुलांना बहुतेक वेळा उलटं शिकवतो, आधी मान खाली घालायला लावतो.

एक काळजी मात्र घ्या. ‘लीन’ आणि ‘दीन’ हे जोडीने येतात, ‘लीनदीन’ असा जोडशब्दही आहे, त्यामुळे लीन म्हणजे स्वतःला कमी लेखणारा, कुणीही दटावावं असा, असं मुलांच्या मनात बसू शकतं. नगर जिल्ह्यातल्या कितीतरी ख्रिस्ती घराण्यांचे पूर्वज गावकुसाबाहेर राहत होते. वाकणं त्यांच्यावर लादलेलं होतं. त्यांच्या नातवंडांना ‘लीन व्हा’ म्हणताना ‘कोणासमोर’ हे सांगितलंच पाहिजे. येशूची आई मरीया हिच्या गीतात तोच ग्रीक शब्द ‘तापेइनोस’ येतो, आणि तिथे मराठीने अचूकपणे ‘दीन’ निवडला आहे: देव अधिपतींना राजासनांवरून ओढून काढतो आणि दीनांना उंच करतो. दैन्य हे जगाने लादलेलं असतं, आणि देव ते उचलून दूर करतो. लीनता देवापुढे, त्याला ओळखून येते. पौल तर कलस्सैकरांना लिहिताना याच कुळातला शब्द खोट्या, मिरवायच्या लीनतेसाठीही वापरतो, म्हणजे शब्द पवित्र असला तरी त्याच्या आड लपता येतं.

राहिला शेवटचा प्रश्न, ‘लीन करा’ की ‘लीन व्हा’. मराठीत दोन्ही बरोबर, आणि शास्त्रातही माणसाने स्वतःला नमवण्याची भाषा आहे. पण तुम्ही विचारलेल्या याकोबाच्या वचनात आणि पेत्राच्या त्या वचनात ग्रीक क्रियापद आज्ञार्थी असूनही कर्मणी प्रयोगात आहे. शब्दशः सांगायचं तर ‘लीन केले जा’, आपल्या कानाला हे विचित्र लागतं. त्यात करणारा हात देवाचा आहे, माणसाने त्या हाताला अडवायचं नाही. फिलिप्पैमध्ये ख्रिस्ताबद्दल मात्र कर्तरी प्रयोग आहे, ‘त्याने स्वतःला लीन केले’, कारण तिथे त्याला लीन करणारा दुसरा कुणी नव्हता. म्हणून याकोब शिकवताना फळ्यावर ‘लीन व्हा’ लिहा, आणि ख्रिस्ताविषयी बोलताना ‘लीन केले’.