देणं चुकतं कुठे? जुन्या स्लॉट मशीनबद्दल वाचकांचे प्रश्न

या अंकासाठी आलेल्या पत्रांपैकी पाच पत्रं एकाच विषयाची निघाली: संग्रहासाठी घेतलेली १९६० आणि ७० च्या दशकांतली, रिले (विजेने ओढला जाणारा स्विच) आणि मोटारीवर चालणारी स्लॉट मशीन, म्हणजे नाणं टाकून खेळायची जुगाराची यंत्रं, आणि त्यांचं चुकणारं देणं, म्हणजे जिंकल्यावर बाहेर पडणारी नाणी. उत्तरं मुख्यतः बॅली या अमेरिकन कंपनीच्या बनावटीच्या तीन रिळांच्या मशीनला धरून आहेत. १९६३ च्या ‘मनी हनी’पासून त्यांनी तळाशी मोटारीचं हॉपर (नाणी साठवून एकेक बाहेर सोडणारा डबा) बसवलं आणि पुढे इतरांनीही तीच वाट धरली.

प्रश्न : गोव्याहून आणलेलं बॅलीचं मशीन आहे. जिंकलं की नाणी पडायला लागतात ती हॉपर रिकामं होईपर्यंत थांबतच नाहीत. मिस्त्री म्हणतो, मोटार बदला.
— एक वाचक, टिळकवाडी, बेळगाव

उत्तर : मोटार बदलू नका. ती फिरतेय, म्हणजे ती ठणठणीत आहे. तिला ‘पुरे’ म्हणणारं कुणी उरलेलं नाही.

मोजणी अशी चालते. रिळं थांबली की प्रत्येक रिळाला जोडलेल्या कॉन्टॅक्ट-तबकडीवर टेकलेली पितळी बोटं जुळलेल्या चित्रांचा मार्ग पूर्ण करतात. त्या मार्गाने देण्याचा रिले ओढला जातो आणि हॉपरची मोटार सुरू होते. बाहेर पडणारं प्रत्येक नाणं वाटेतला एक छोटा दांडा उचलतं. दांडा दोन पत्त्यांचा स्विच जोडतो, त्या झटक्याने मोजणी-स्टेपरची (घराघराने पुढे सरकणाऱ्या मोजणीच्या भागाची) कॉइल ओढली जाते आणि स्टेपरचं दातेरी चाक एक दात सरकतं. बक्षीस दहाचं असेल तर दहाव्या घरावर रिलेचा पुरवठा तुटतो, मोटार थांबते. म्हणजे संशयित चारच: दांडा, पत्ती, स्टेपर, रिले. याच क्रमाने जा.

आधी प्लग भिंतीतून काढा. नुसतं मशीनचं बटण बंद करून भागत नाही, कारण हॉपरच्या सॉकेटवर मेन्सचा दाब असू शकतो. हॉपर बाहेर घ्या. मल्टिमीटर कंटिन्युइटीवर (जोड पूर्ण झाला की वाजतो त्या खुणेवर) ठेवून त्याची दोन टोकं मोजणीच्या स्विचला लावा, आणि नाणं हाताने दांड्याखालून सरकवा. एका नाण्याला एकच स्वच्छ ‘बीप’ आला पाहिजे. आलाच नाही तर दांड्याच्या टोकाची चकरी झिजलीय का आणि पत्तीतली फट वाढलीय का, ते बघा. उघड्या स्थितीत साधारण एक मिलिमीटर फट पुरते. जोडल्यावर दुसरी पत्ती अर्धा मिलिमीटरभर मागे ढकलली गेली पाहिजे. नुसतं टेकणं उपयोगाचं नाही. पत्ती वाकवायची ती बुडाशी, पत्ती वाकवण्याच्या खाचेच्या साधनाने. टोकाशी पक्कडीने पिळली की पॉइंट (पत्त्यांची एकमेकांना टेकणारी टोकं) तिरके बसतात आणि महिन्याभरात तुमचं पत्र पुन्हा येईल.

स्विच ठीक असेल तर स्टेपर. प्लग काढलेलाच ठेवून कॉइलचं आर्मेचर (कॉइल ओढते ती लोखंडी पट्टी) बोटाने दाबा आणि सोडा. दर वेळी एक दात पुढे गेला पाहिजे आणि धरणारी कुत्री (चाक मागे येऊ न देणारा खटका) मागच्या दातात पडली पाहिजे. जुनं ग्रीस मेणासारखं घट्ट होऊन कुत्रीला अडवतं, हा सगळ्यात जास्त दिसणारा दोष. आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि जुन्या टूथब्रशने ते पूर्ण काढा. बिजागिरीच्या पिनेला मशीन ऑइलचा एकच थेंब; दातांना आणि कॉइलच्या गाभ्याला काहीही नको. शेवटचा दात गाठल्यावर रीसेट कॉइल ओढली की चाक स्प्रिंगने शून्यावर येतं का, तेही बघा. ते मध्येच अडकत असेल तर पुढचं बक्षीस कमी येईल आणि तुम्ही भलतीकडेच शोधत बसाल.

हे दोन्ही निर्दोष निघाले तर देण्याचा रिले. हाताने दाबून सोडला की तो लगेच सुटला पाहिजे. पॉइंट चिकटलेले असतील तर ते ठिणगीने वितळलेत. आर्मेचर चिकटत असेल तर गाभ्याच्या तोंडावर तेल किंवा मळी आहे, कापडाने पुसा. मोटार हा संशयित कधी? नाणी बरोबर मोजली जातात पण शेवटी एखादं जास्त पडतं, तेव्हा. ते ब्रेकचं काम आहे.

प्रश्न : दहाचं बक्षीस लागलं की कधी आठ येतात, कधी तेरा. आम्ही रुपयाची नाणी वापरतो.
— शहापूर, बेळगाव

उत्तर : दोष तुमच्या नाण्यांत आहे. मशीन अमेरिकन क्वार्टरचं असेल तर त्याला २४.२६ मिलिमीटर व्यासाचं नाणं हवं. १९९२ ते २००४ मधला स्टीलचा रुपया २५ मिलिमीटरचा. २०११ च्या मालिकेतला २१.९३ चा. डब्यात दोन्ही मिसळले असणार.

मोठा रुपया हॉपरच्या चाकातल्या जागेत घट्ट बसतो, बाहेर पडताना अडखळतो आणि दांड्याला दोनदा हलवतो. एका नाण्याचे दोन मोजले गेले की दहाचे आठ होतात. लहान रुपया दांडा पूर्ण उचलतच नाही, न मोजता निसटतो, मग तेरा. शिवाय ही नाणी चुंबकाला चिकटतात. जिथून नाणं टाकता तिथल्या नाणे-पारखणाऱ्या भागात लोखंडी चकत्या पकडायला चुंबक असतं, त्यात ती अडकतात. चुंबक काढून टाकणं हा उपाय नव्हे.

पितळेची टोकन करून घ्या: व्यास २४.२५, जाडी १.७५ मिलिमीटर. उद्यमबागेत डाय-पंचचं काम करणाऱ्याकडे हे मोठं काम नाही. मात्र दोन्ही कडांचा बर (कापताना राहिलेली धारदार किनार) काढायला सांगा, कारण बर राहिलेली चकती हॉपरच्या सुरीवर अडते. सपाट चकतीचं वजन सुमारे ७ ग्रॅम भरेल. क्वार्टरपेक्षा (५.६७ ग्रॅम) जास्त आहे, पण हॉपरला चालतं. आधी वीसेक करून बघा, मग दोनशे. नाणी बदलूनही आठच आले तर पत्तीची उसळी बघा: पहिल्या उत्तरातल्या चाचणीत एका नाण्याला दोन ‘बीप’ आले तर पत्तीचा ताण वाढवा.

प्रश्न : पावसाळ्यानंतर चेरी लागली की मशीन देतं, पण तीन घंटा जुळल्या तरी गप्प. मशीन जांबोटी रस्त्यावरच्या घरात आहे.
— खानापूर

उत्तर : एक बक्षीस मिळतं, दुसरं मिळत नाही, म्हणजे हॉपर, मोजणी आणि फ्यूज सगळे संशयातून सुटले. चेरीला एक किंवा दोन रिळांचा मार्ग पुरतो. तीन घंटांना तिन्ही रिळांची बोटं एकदम जोडली जावी लागतात. बहुतेक तिसऱ्या रिळाच्या तबकडीवर हिरवट थर आलाय.

तिन्ही रिळं हाताने घंटांवर आणा. प्रत्येक बोट त्याच्या रिव्हेटच्या मधोमध टेकलंय का, टॉर्चने बघा. कडेला टेकत असेल तर तबकडी किंवा बोटांची पट्टी किंचित सरकलीय. स्क्रू सैल करून मधोमध आणा. मग अल्कोहोलने ओलसर केलेल्या सुती कापडाने तबकडी पुसा आणि बोटांची टोकं वेगळी पुसा. पॉलिश पेपर मारू नका: त्याची रेती रिव्हेटांमध्ये अडकते आणि वरचा मुलामा जातो. रिलेचे पॉइंट साफ करायला व्हिजिटिंग कार्डाची पट्टी अल्कोहोलमध्ये बुडवून पॉइंट मिटलेले असताना ओढा. दोन-तीन ओढींत काळं निघतं. गंज सोडवणारा स्प्रे तबकडीवर मारला तर दोन आठवडे उत्तम चालेल, मग त्यावर धूळ बसून चिखल होईल.

तुमच्याकडच्या पावसात पत्त्यांमधले फायबरचे तुकडेही ओल धरतात. जून ते ऑक्टोबर मशीनच्या तळाशी पाचशे ग्रॅम सिलिका जेल ठेवा आणि रंग बदलला की तव्यावर मंद आचेवर वाळवा.

प्रश्न : पाटीवर ११७ व्होल्ट, ६० सायकल लिहिलंय. स्टेप-डाउन (व्होल्टेज उतरवणारा ट्रान्सफॉर्मर) लावला, तरी रिले गुणगुणतात आणि वास येतो. आपल्याकडच्या ५० सायकलमुळे (हर्ट्झ) पैसे कमी येतील का?
— निपाणी

उत्तर : पैशांचा संबंध नाही. मोजणी नाण्यावर चालते, वेळेवर नाही. मोटार मूळ वेगाच्या पाच-षष्ठांश वेगाने फिरेल, इतकंच. वास मात्र खरा आहे: कमी फ्रीक्वेन्सीवर तोच व्होल्टेज दिला की ट्रान्सफॉर्मर आणि कॉइल जास्त करंट ओढून तापतात. ११७ ला पाच-षष्ठांशाने गुणलं की ९७.५ येतात, म्हणून ९८ ते १०० व्होल्ट द्या. दिवे थोडे मंद दिसतील. रिले नीट ओढत नसतील तर १०५ पर्यंत जा. ट्रान्सफॉर्मर ५०० व्हीएचा, दोन वेगळ्या वाइंडिंगचा घ्या. ऑटो-ट्रान्सफॉर्मर मेन्सपासून वेगळेपणा देत नाही आणि कॅबिनेट धातूचं आहे. अर्थिंग नक्की करा. एखादाच रिले गुणगुणत असेल तर त्याच्या गाभ्याच्या तोंडावरचं तांब्याचं कडं तुटलंय का, बघा.

आणि फ्यूज उडतो म्हणून जाड तार घालू नका. पाटीवर दिलेल्या आकड्याचा स्लो-ब्लो फ्यूजच लावा.

प्रश्न : मशीन धाब्यावर ठेवलं, लोकांनी गंमत म्हणून रुपये टाकले तर चालेल?
— संकेश्वर

उत्तर : नाही. कर्नाटक पोलीस कायदा, १९६३ खाली तो जुगार धरला जाईल, रक्कम कितीही किरकोळ असो. कोगनोळी नाका ओलांडूनही फरक नाही, महाराष्ट्रात १८८७ चा जुगारबंदी कायदा आहे. गोव्यात १९९२ पासून पंचतारांकित हॉटेलांत स्लॉट मशीनला वाट मिळाली ती वेगळ्या दुरुस्तीने, परवान्यासह. मशीन घरातच ठेवा आणि टोकनवर चालवा.