स्लॉट मोजू नका, लेन मोजा

प्रश्न : लग्नांचं शूटिंग आणि एडिटिंग हा माझा व्यवसाय. नवीन पीसी जोडून घ्यायचा आहे. रायझन ७ ५७००एक्स प्रोसेसर, बी५५० चिपसेटचा बोर्ड, ग्राफिक्स कार्ड, दोन एनव्हीएमई एसएसडी, ४के ६० फ्रेमचं कॅप्चर कार्ड, जुन्या दोन हार्ड डिस्क आणि पुढेमागे १० गिगाबिटचं नेटवर्क कार्ड, अशी यादी आहे. बोर्डावर दोन लांब आणि दोन आखूड स्लॉट आहेत, म्हणजे सगळं बसेल असं मला वाटतं. दुकानदार म्हणतो, लेन पुरणार नाहीत. हे काय प्रकरण आहे? आणि ५७००जी स्वस्तात मिळतोय, तो घेऊ का?
– एक वाचक, राहुरी

उत्तर : तुमच्या दुकानदाराने खरं सांगितलं. असा दुकानदार सोडू नका.

प्रोसेसरपासून कार्डापर्यंत डेटा ज्या वाटांनी जातो त्या लेन. कार्डं बोर्डाला जोडायच्या पद्धतीला पीसीआय एक्सप्रेस म्हणतात. तिच्या तिसऱ्या पिढीत एका लेनमधून सेकंदाला साधारण १ जीबी जातो, चौथीत २ जीबी. ५७००एक्समधून अशा २४ लेन निघतात, त्याही चौथ्या पिढीच्या. त्यातल्या १६ वरच्या लांब स्लॉटला, ४ पहिल्या एम.२ ला (एनव्हीएमई एसएसडी बसवायची जागा) आणि उरलेल्या ४ चिपसेटला, म्हणजे बोर्डावरच्या मदतनीस चिपला जातात. बोर्डावरचं बाकी जवळजवळ सगळं, म्हणजे दुसरं एम.२, हार्ड डिस्कचे साटा पोर्ट, लॅन, खालचे स्लॉट, हे चिपसेटच्या मागे असतं.

तुम्ही मुळा धरणाच्या कालव्याजवळचे, म्हणून तिथलंच सांगतो. चिपसेट म्हणजे चारी. चारीला कितीही दारं फोडा, वरून जेवढं पाणी सुटलंय तेवढंच सगळ्यांत वाटलं जातं. प्रोसेसर चौथ्या पिढीचा असला तरी बी५५० मध्ये ही चारी तिसऱ्या पिढीच्याच वेगाने चालते आणि ४ लेनची आहे. म्हणजे एकूण पाणी सेकंदाला ४ जीबीच्या आतबाहेर.

एवढ्यावर थांबलं असतं तर भागलं असतं, कारण सगळी कार्डं एकदम तहानलेली नसतात. खरी अडचण पुढे आहे. लेन कमी पडतात म्हणून बोर्ड बनवणारे एकच लेन दोन ठिकाणी जोडून ठेवतात. एक वापरलं की दुसरं बंद. काही वर्षांपूर्वी एका स्टुडिओचं मशीन जोडताना मी यात अडकलो. दुसऱ्या एम.२ मध्ये एसएसडी लावली आणि मालकाची फुटेजची हार्ड डिस्क दिसेनाशी झाली. केबल बदलली, पॉवरची पिन बदलली, डिस्क दुसऱ्या मशीनला लावून पाहिली. तिथे व्यवस्थित चालत होती. दोन तास मालक शेजारी उभा होता, तोंडातून शब्द नाही, कारण त्या डिस्कवर तीन लग्नं होती. शेवटी मॅन्युअलमध्ये बारीक अक्षरात ओळ सापडली : दुसरं एम.२ वापरल्यास साटा ५ आणि ६ बंद राहतील. डिस्क साटा ५ वर होती. १ वर लावली, लगेच दिसली. तेव्हापासून बोर्ड विकत घेण्याआधी कंपनीच्या साइटवरून मॅन्युअल उतरवून ते पान वाचल्याशिवाय मी गिऱ्हाइकाला होकार देत नाही. तुम्हीही ते वाचल्याशिवाय दुकानदाराला होकार देऊ नका.

तुमच्या बोर्डाच्या खालच्या लांब स्लॉटात टॉर्च मारून बघा. वरच्या स्लॉटात टोकापर्यंत सोनेरी पट्ट्या दिसतील. खालच्यात बहुतेक सुरुवातीच्या थोड्या भागातच असतील, पुढे नुसतं रिकामं प्लास्टिक. लांबी १६ ची, जोडणी ४ ची. आणि बऱ्याच बी५५० बोर्डांवर हा स्लॉट आणि दुसरं एम.२ यांतलं एकच चालतं.

आता तुमचं कॅप्चर कार्ड. ४के, ६० फ्रेम, ८ बिट ४:२:२ (रंगांची माहिती थोडी कमी ठेवणारी पद्धत), कॉम्प्रेस न केलेलं चित्र घेतलं तर सेकंदाला जवळपास १ जीबी होतं. आखूड स्लॉटात एकच लेन, तिथे ते गुदमरणार. त्याला ४ लेन हव्यातच. तो स्लॉट दिला की दुसऱ्या एम.२ वर पाणी सोडावं लागू शकतं.

म्हणून माझा सल्ला : थोडे पैसे वाढवून असा बोर्ड घ्या ज्याचे वरचे दोन लांब स्लॉट थेट प्रोसेसरला जोडलेले आहेत. मॅन्युअलच्या तक्त्यात दोन कार्डं लावल्यावर ‘८ आणि ८’ असं लिहिलेलं असतं. एक्स५७० मध्ये असे बोर्ड बरेच आहेत, बी५५० मध्ये मोजके. ग्राफिक्स कार्ड ८ लेनवर गेलं म्हणून घाबरू नका. चौथ्या पिढीच्या ८ लेन म्हणजे तिसऱ्या पिढीच्या १६, एडिटिंगला फरक जाणवत नाही. फक्त कार्डाची जाडी बघा, फार जाड असेल तर खालचा स्लॉट झाकला जातो.

एसएसडीवर मात्र उगाच खर्च करू नका. तीन कॅमेऱ्यांचं ६०० मेगाबिटचं फुटेज एकत्र चालवलं तरी सेकंदाला २२५ एमबी लागतात. साधी तिसऱ्या पिढीची एनव्हीएमई पुरून उरते. १० गिगाबिटचं कार्डही सध्या राहू द्या. एकट्या माणसाला बोर्डावरचं २.५ गिगाबिटचं लॅन पुरतं.

५७००जी घेऊ नका. नाव सारखं वाटतं, पण त्याच्या लेन तिसऱ्या पिढीच्या आहेत. मग वरच्या ‘८ आणि ८’ मध्ये ग्राफिक्स कार्डाच्या वाट्याला निम्माच वेग येतो. तुम्ही वेगळं कार्ड घेणारच आहात, मग ५७००जीच्या आतच असलेल्या ग्राफिक्सचे पैसे कशाला द्यायचे?

मशीन हातात आल्यावर जीपीयू-झेड (ग्राफिक्स कार्डाची माहिती दाखवणारं सॉफ्टवेअर) उघडून बस इंटरफेसची ओळ बघा, तिथे कार्डाला मिळालेल्या लेन आणि पिढी दिसते. मशीन मोकळं असताना तिथे शेवटी १.१ दिसेल. वीज वाचवायला कार्ड वेग उतरवतं, म्हणून लगेच दुकानात फोन करू नका. शेजारचं प्रश्नचिन्ह दाबून रेंडर टेस्ट सुरू करा, आकडा ४.० वर चढला पाहिजे आणि त्या आकड्याच्या अलीकडे ८ दिसले पाहिजेत. चढला नाही तर कार्ड काढून पुन्हा नीट दाबून बसवा. बहुतेक वेळा तेवढंच असतं.